दहा मिनिटांत पोचतोय!

प्रेरणा आतून यावी लागते, असं सगळे सांगतात. आमच्या आतून जांभया येतात, ढेकर येतात, बातम्या बघताना सात्त्विक संतापही येतो. प्रेरणा तेवढी आल्याचं आठवत नाही. पहाटे पाचला उठून कोमट पाणी पिणारी, दुपारी कपाटं आवरणारी आणि रात्री वहीत मनातलं लिहून शांत झोपणारी माणसं मी मोबाइलवर रोज बघतो. आडवा पडून बघतो आणि बघून झालं की कूस बदलतो.

उपदेशाची आपल्याकडे कधी टंचाई नव्हती. वाग्भटाने अष्टांगहृदयात दिनचर्येवर अख्खा अध्याय लिहून ठेवलाय. ब्राह्ममुहूर्तावर उठा, दात घासा, व्यायाम करा, अंगाला रोज तेल लावा, त्यातही डोकं, कान आणि पाय विसरू नका. हे सगळं आपण मनापासून मान्य करतो आणि वर्षातून एकदा, नरकचतुर्दशीला, अमलात आणतो. तेसुद्धा का, तर त्या दिवशी सूर्योदयाआधी आंघोळ नाही केली तर नरकात जावं लागतं, असं आजीने सांगून ठेवलेलं असतं. वाग्भट बिचारा दीर्घायुष्याचं आमिष दाखवत बसला. आजीने थेट नरक दाखवला, आणि डोळ्यांत उटणं गेलेल्या अवस्थेत आपण अंगठ्याखाली कारीट फोडायला निमूट उभे राहिलो. प्रेरणेचं शास्त्र आजीला जास्त कळत होतं, असं माझं स्पष्ट मत आहे.

हल्ली भीती दाखवत नाहीत, आकडे दाखवतात. कुठलीही सवय २१ दिवसांत लागते म्हणे. या आकड्याचं मूळ मॅक्सवेल मॉल्ट्झ या अमेरिकन प्लास्टिक सर्जनपाशी सापडतं. रुग्णांना आपल्या नव्या चेहऱ्याची सवय व्हायला किमान २१ दिवस लागतात, असं त्याने १९६० सालच्या पुस्तकात लिहिलं होतं. पुढे तो ‘किमान’ कुठे गळाला कोण जाणे. २००९ मध्ये लंडनच्या संशोधकांनी ९६ माणसांच्या सवयींवर अभ्यास प्रसिद्ध केला, तेव्हा मध्यावरचा आकडा निघाला ६६ दिवस. कुणाचं काम १८ दिवसांत भागलं, तर कुणाला २५४ लागतील असा हिशेब आला. या शेवटच्या इसमाला एकदा घरी जेवायला बोलवावं, असं मला फार वाटतं.

घराचं तर विचारूच नका. जपानच्या मारी कोंडो सांगतात, वस्तू हातात घ्या, मनात आनंद होतो का बघा, होत नसेल तर तिचे आभार मानून तिला निरोप द्या. आमच्याकडे हे जमत नाही, कारण श्रीखंडाचा रिकामा डबा हातात आला की बायकोला खरोखरच आनंद होतो. एकात एक घातलेले असे डबे आमच्या माळ्यावर पुढच्या पिढीची वाट बघत आहेत.

त्यापेक्षा आपली बोहारीण बरी. ती तुमच्या आनंदाची चौकशी करत नाही. पँट उजेडाकडे धरते, बसून बसून विरलेल्या जागेत बोट घालून दाखवते, चेन वरखाली करून बघते, साडीचा काठ दोन बोटांत चोळते आणि तोंड वाकडं करते. “यात काय येतंय ताई? अजून दोन साड्या टाका, एखादी पँट टाका.” तिच्या मांडीशी झाकणासकट चकचकीत पातेलं असतं. मग ‘पुन्हा बारीक झालो की होईल’ म्हणून मी जपलेली पँट कपाटातून कधी निघाली आणि गाठोड्यात कधी गेली, मला कळतही नाही. कपाट रिकामं होतं ते पातेल्यासाठी. मनःशांतीसाठी कुणी कपाट उघडलेलं मी तरी पाहिलेलं नाही. शिवाय तिसऱ्या मुलानंतर आपण आवराआवर जराशी सोडून दिलीय, हे खुद्द कोंडोबाईंनीच २०२३ मध्ये सांगून टाकलं. बोहारणीने अशी माघार घेतल्याचं ऐकिवात नाही.

तर प्रेरणा बाहेरूनच आणायची असं ठरवून मी एका जुन्या मित्राशी करार केला. केव्हाही, फक्त दहा मिनिटांची मुदत देऊन, एकमेकांच्या घरी टपकायचं.

त्याचा “अरे, दहा मिनिटांत पोचतोय!” असा फोन आला की आमच्या घरात वीज संचारते. जमिनीवर चादर अंथरली जाते. सोफ्यावरचा ओला टॉवेल, विजेचं बिल, गोळ्यांच्या पट्ट्या, इस्त्रीला द्यायचे कपडे, तीन चार्जर, अर्धा सोललेला लसूण ताटासकट, सगळं तिच्यावर पडतं. मग चार टोकं धरून आम्ही उभयता ते गाठोडं बेडरूममध्ये नेतो आणि बाहेरून कडी लावतो. त्याच सपाट्यात माझी दाढी होते, केसांना कंगवा लागतो, भोकांचा बनियन बदलला जातो. डॉक्टरांनी वारंवार बजावूनही न होणारा व्यायामही होऊन जातो. बेल वाजते तेव्हा मी धापा टाकत असतो, पण प्रसन्न दिसतो.

“काय ठेवलंय रे घर!” मित्र दरवेळी म्हणतो. बायको म्हणते, “छे हो, आज जरा पसाराच आहे.”

परवा माझी पाळी होती. पूर्ण दहा मिनिटंही न देता गेलो. हॉल आरशासारखा. टीपॉयवर फक्त एक फुलदाणी. वहिनी किंचित घामेजलेल्या, मित्राच्या गालावर दाढीचा ताजा साबण. त्यांच्याही बेडरूमला बाहेरून कडी होती. चहाचा पहिला घोट घेतोय तोच आतून काहीतरी धाडकन कोसळलं आणि पाठोपाठ स्टीलचा डबा बराच वेळ गडगडत राहिला.

“मांजर आहे,” मित्र म्हणाला.

त्यांच्याकडे मांजर नाही. मी दुसरं बिस्किट घेतलं आणि त्याला म्हटलं, “काय ठेवलंय रे घर!”