टकलाचा तपास

नानांचे केस एका रात्रीत गेले नाहीत. आधी कपाळाचे दोन्ही कोपरे, मग माथा, असे वीस वर्षं रीतसर पूर्वसूचना देत देत ते गेले. तरी नाना त्याला अजून ‘तो प्रकार’ म्हणतात, आणि त्या प्रकाराचा तपास अद्याप चालू आहे. नाना बँकेच्या ऑडिट विभागातून निवृत्त झाले. ताळेबंदात अकरा रुपयांचा फरक निघाला तरी रात्री नऊपर्यंत शाखेचं शटर खाली येऊ न देणारा माणूस. स्वतःच्या डोक्यावरची एवढी मोठी तूट तो ‘असतं एकेकाचं’ म्हणून सोडून देईल होय?

पहिला संशयित हेल्मेट. नाना पुण्याचे असल्यामुळे याला वेगळा पुरावा लागत नाही. सक्तीची नुसती आवई उठली, तरी सोसायटीच्या गेटपाशी त्यांचं भाषण ठरलेलं : ‘मुळांना हवा नको का लागायला?’ केसांच्या मुळांना प्राणवायू रक्तातून मिळतो, असं बी विंगमधल्या फिजिओथेरपिस्ट मुलीने एकदा सांगून पाहिलं. ‘मग रक्ताला हवा नको का लागायला?’ असं विचारून नानांनी तिला गप्प केलं.

दुसरा संशयित टँकरचं पाणी. ‘जिथे साबणाला फेस येत नाही, तिथे केस काय तग धरणार!’ हा मुद्दा वार्षिक सभेच्या इतिवृत्तातही आहे. त्याला सुरुंग लावला सलूनवाल्याने. ‘साहेब, पाणी तर सगळ्या डोक्यावरून ओघळतं. मग कानावरचे आणि मानेवरचे कसे राहिले?’ जड पाण्याने केस राठ होतात, तुटतात. पण माथा तेवढा निवडून भादरण्याची अक्कल पाण्याला नसते. नानांनी यावर विचार केला आणि सलून बदललं.

पुराव्याच्या बाबतीत नाना काटेकोर. मोरीच्या जाळीवर अडकलेले केस चिमट्याने उचलायचे, वर्तमानपत्रावर वाळवायचे, मोजायचे आणि तारीख टाकलेल्या पाकिटात बंद करायचे. माणसाच्या डोक्यावर साधारण 1 लाख केस असतात आणि रोज 50 ते 100 गळणं हा त्यांचा नित्यक्रम. नानांचा आकडा हल्ली बाराच्या वर जात नाही, कारण मुदलातच खडखडाट. पण ती सुधारणा समजून ते वहीत हिरव्या शाईने लिहितात. गळलेल्या केसाच्या टोकाला पांढरा ठिपका दिसला की भिंग घेऊन वहिनींना हाक मारतात : ‘बघ, मुळासकट उपटून आलाय!’ वास्तविक केस 2 ते 6 वर्षं वाढतो, दोन-तीन महिने विश्रांती घेतो आणि सुटतो, तेव्हा त्याच्या टोकाला अशी गाठ असतेच. मूळ मागे कातडीतच राहतं. वहिनी ठिपका बघतात, ‘बरं’ म्हणतात आणि कुकरकडे परत जातात.

माका, ब्राह्मी, जास्वंद हे सगळं करून झालं. कांद्याच्या रसाच्या दिवसांत नानांना लिफ्ट नेहमी रिकामी मिळायची.

2025 च्या जानेवारीत बुलढाणा जिल्ह्यातल्या शेगाव तालुक्यातून बातम्या आल्या. तिथल्या काही गावांत माणसांचे केस दोन-चार दिवसांत गळून टक्कल पडत होतं. आधी संशय पाण्यावर गेला, पुढे डॉ. हिंमतराव बावस्करांनी रेशनच्या गव्हातल्या जादा सेलेनियमकडे बोट दाखवलं. नाना तडक स्वयंपाकघरात जाऊन गव्हाच्या कोठीत डोकावले. आपल्याकडे वर्षाचा सिहोर येतो आणि तुमचं टक्कल 2004 सालचं आहे, याची वहिनींनी आठवण करून दिली. ‘साठत असेल हळूहळू,’ नाना म्हणाले.

शेवटी वहिनींनीच त्यांना त्वचारोगतज्ज्ञांकडे नेलं. मुलीच्या वयाच्या डॉक्टर. त्यांनी भिंगाच्या यंत्राने माथा पाहिला, जाड आणि बारीक केसांची सरमिसळ दाखवली आणि समजावून सांगितलं : टेस्टोस्टेरॉनपासून डीएचटी नावाचं संप्रेरक तयार होतं. काहींच्या माथ्यावरची मुळं जन्मतःच त्याला हळवी असतात. दर फेरीला त्यांची वाढीची मुदत आखडते आणि केस बारीक होत होत नुसती लव उरते. मानेवरच्या मुळांना मात्र त्याचं फारसं सोयरसुतक नसतं. 1942 साली जेम्स हॅमिल्टन या अमेरिकी शास्त्रज्ञाने दाखवून दिलं होतं, की वयात येण्याआधीच वृषण काढलेल्या पुरुषांना असं टक्कल पडत नाही.

नानांनी आवंढा गिळला. ‘आता... काढून काही उपयोग?’

‘नाही काका. गेलेले केस त्याने परत येत नाहीत.’

दवाखान्यात एवढा सुटकेचा निःश्वास त्या दिवशी दुसऱ्या कुणी टाकला नसेल.

‘वडिलांना टक्कल होतं का?’

‘छे! आमच्या घराण्यात नाही.’ घराण्याचे फोटो दिवाणखान्यात आहेत. पणजोबा पगडीत, आजोबा फेट्यात, वडील काळ्या टोपीत. वडिलांना टोपीशिवाय बघितलेला माणूस आज हयात नाही.

खरी अडचण अशी, की आनुवंशिकतेविरुद्ध तक्रार अर्ज करता येत नाही. टँकरवाल्याला फोनवर झापता येतं, शाम्पूची बाटली दुकानदारापुढे आपटता येते. पणजोबांकडून खुलासा कसा मागवणार?

इतरांच्या केसांचं निदान मात्र नाना बिनचूक करतात. तपासाच्या नादात वाचन दांडगं झालं आहे. शेजारच्या सुनेला त्यांनीच धीर दिला : ‘बाळंतपणानंतर तीन-चार महिन्यांनी गळतातच गं, येतात परत.’ कॉलेजातल्या एका मुलाला विचारलं, ‘डेंग्यू दोन-तीन महिन्यांपूर्वी झाला होता ना? मग हा त्या तापाचा हिशेब.’ कुणाला फेरिटिन आणि थायरॉइड तपासायला सांगतात, कुणाच्या लेकीची करकचून बांधलेली वेणी सैल करायला लावतात. वॉचमनच्या दाढीत रुपयाएवढी गोल चकती दिसली, तेव्हा ‘ही चाई, लसूण चोळत बसू नकोस, डॉक्टर गाठ’ म्हणून त्याला स्वतः रिक्षात बसवून दिलं.

गेल्या महिन्यात त्यांच्या मुलाचे कपाळाचे कोपरे मागे सरकलेले दिसले. वय सव्वीस. नानांनी टॉर्च मारून पाहणी केली आणि आयुष्यात पहिल्यांदा ‘आनुवंशिक’ हा शब्द आपणहून उच्चारला. ‘यातलं एक महत्त्वाचं जनुक एक्स क्रोमोसोमवर असतं. आणि मुलाला तो आईकडूनच येतो. डॉक्टरच म्हणाल्यात.’ वडिलांकडूनही बरीच जनुकं येतात, हे डॉक्टरांचं पुढचं वाक्य त्यांनी ऐकलं नसावं.

त्याच संध्याकाळी नाशिकला मेहुण्यांना व्हिडिओ कॉल लागला. ‘खुशाली मागाहून विचारतो,’ नाना म्हणाले, ‘आधी जरा मान खाली घाला.’