मधुमेहावर दोन शब्द

१९०५ साली शिकागोत निघालेल्या रोटरीची बैठक सुरुवातीला सभासदांच्या कचेऱ्यांत पाळीपाळीने फिरे. नाव त्यावरूनच पडले. तालुक्याच्या गावी आता बैठक एका जागी असते आणि वक्ता फिरतो. मधुमेहावर बोलणारे डॉक्टर या आठवड्यात रोटरीत, तर पुढच्या आठवड्यात लायन्समध्ये. ‘पाहुण्यांना परिचयाची गरज नाही’ असे सांगून दहा मिनिटांचा परिचय वाचला जातो. मग शाल, श्रीफळ, स्मृतिचिन्ह. फोटो हलला तर शाल काढून पुन्हा घालतात. उरलेल्या वेळात व्याख्यान.

उपक्रमांत वृक्षारोपण पहिले, कारण क्लबचे वर्ष १ जुलैला सुरू होते आणि पाऊसही साधारण तेव्हाच जोर धरतो. एका रोपाला नऊ हात लागतात. पाणी घालायला पुढे एकही नाही. रोप बदलते, खड्डा बहुधा गेल्या वर्षीचाच. पोलिओचे काम मात्र थट्टेत काढण्याजोगे नाही: रोटरीने ते १९८५ पासून नेटाने लावून धरले आणि २०१४ मध्ये भारत पोलिओमुक्त ठरला.

आभारप्रदर्शनानंतर अल्पोपाहार असतो. मधुमेहाच्या व्याख्यानालाही गुलाबजामच असतात, आणि डॉक्टर दोन घेतात.