टाक्यातलं पाणी

मागच्या जूनमधल्या पहिल्याच वळवात माझी कापडी पर्स अशी भिजली की आतल्या डायरीतला दुधाचा तीन महिन्यांचा हिशेब माझ्या पांढऱ्या रुमालावर उतरला. गवळ्याचं नशीब उजळलं. मी मात्र त्याच दिवशी जाहीर केलं, आता पर्स मीच शिवणार आणि तीत पाण्याचा थेंब शिरणार नाही. "शिव की," हे म्हणाले. आमच्याकडे विरोध असाच होतो.

रविवार पेठेतल्या दुकानात शिरले तेव्हा मी 'ताई' होते. "वॉटरप्रूफ दाखवू की वॉटर रेझिस्टंट?" दुकानदारानं विचारलं.

"फरक काय?"

"मीटरमागं चाळीस रुपये."

मग त्यानं जांभळ्या कापडावर आपल्या बाटलीतलं पाणी ओतलं. थेंब टपोरे होऊन गडगडत गेले. अळवावरचं पाणी म्हणजे क्षणभंगुर, असं शाळेत शिकलेली मी; इथं तोच टिकाऊपणाचा पुरावा! तरी मला अर्धवट ज्ञान होतंच. वरचे थेंब गडगडतात ते वरच्या लेपामुळं, आणि तो घासून, धुऊन जातो. खरं पाणी अडवतो तो उलट बाजूचा चकचकीत थर. त्याची परीक्षा सोपी आहे: कापड तोंडाला लावायचं आणि फुंकायचं. हवा आरपार गेली तर पाणीही जाणार. मी एकामागून एक सात ठाणं फुंकली. शेजारी साडीचा फॉल घ्यायला आलेल्या बाई दोन पावलं सरकून उभ्या राहिल्या.

रेक्झिन बाद केलं, कारण ते मशीनच्या पायाला चिकटून बसतं. खाली कागद धरा, पावडर लावा, मग एक टीप सरकते. छत्रीचं कापड फुंकरीला उतरलं, पण इतकं निसरडं की कातर लावायच्या आधीच काउंटरवरून खाली. दोसुतीवर मेणबत्ती घासून इस्त्री फिरवण्याचा प्रयोग मी आधीच घरी केला होता. मेण कापडात मुरलं, कापड पाणी झटकू लागलं आणि उरलेलं मेण त्याच इस्त्रीनं ह्यांच्या ऑफिसच्या शर्टात मुरवलं. त्या शर्टावर आता आमटी सांडली तर डाग पडत नाही, पण ह्यांना त्याचं कौतुक नाही.

शेवटी दुकानदारानं फडताळातून एक ठाण काढलं आणि अभिमानानं म्हणाला, "हे घ्या मावशी, अस्सल चारशेवीस." (तासाभरात मी मावशी झाले होते.) कायद्यातलं कलम २०२४ मध्ये बदललं, पण आकड्याची अब्रू काही परत आलेली नाही. मग कळलं की हा धाग्याचा जाडपणा. नऊ हजार मीटर धाग्याचं वजन ४२० ग्रॅम भरलं की ते ४२० डेनिअर. बॅगांचं नायलॉन हेच. घेतलं.

घरी येऊन बेतलं आणि सवयीनं टाचण्या टोचल्या. सुती कापड भोक विसरतं. हे विसरत नाही. टाचणी काढली तरी भोक तिथंच. कपडे वाळत घालायचे चिमटे लावायला हवे होते, हे बत्तीस भोकांनंतर सुचलं. त्यावर आईची शिकवण, 'टीप बारीक हवी', मी निष्ठेनं पाळली. बारीक टीप म्हणजे जास्त भोकं. तयार झालेली पर्स पोस्टाच्या तिकिटासारखी शिवणीवरून फाडता आली असती. नळाखाली धरली तर सगळ्या टाक्यांतून एकदम गळू लागली.

"आमच्या कोकणात लावणीला इरलं असायचं," सासूबाई दारातून म्हणाल्या. "बांबूच्या कामट्या नि पानं. त्याला टाकाच नव्हता."

मी उसवून लांब टीप घातली आणि शिवणींना आतून सायकलच्या पंक्चरचं सोल्यूशन चोपडलं. ही माझी अक्कल नव्हे. चार्ल्स मॅकिंटॉश नावाच्या स्कॉटिश गृहस्थानं १८२३ साली नॅफ्थ्यात रबर विरघळवून दोन कापडांच्या मध्ये थापलं आणि त्याचं पेटंट घेतलं. त्याच्याही कोटांना शिंप्यांच्या सुया भोवल्या, उन्हात ते चिकट व्हायचे आणि वास यायचा. वासापुरती तरी मी त्याच्या बरोबरीला पोचले.

पुढच्या पावसात पर्स खांद्याला लावून निघाले. शिवणी एक थेंब आत घेईनात. पण चेनचा मी विचारच केला नव्हता. पाणी वरून चेनच्या दातांतून निवांत आत येत राहिलं, आणि घडीची ओली छत्रीही मीच आत कोंबली. तळाला शिवण नको म्हणून कापड अखंड दुमडलेलं. आलेलं पाणी जाणार कुठून? घरी ह्यांनी पर्स मोरीत उलटी केली.

"ही पर्स नाही," हे म्हणाले, "गडावरचं टाकं आहे. उन्हाळ्यात उपयोगी पडेल."

ती आठवडाभर मोरीच्या खिळ्याला लटकली होती आणि एक दिवस दिसेनाशी झाली. गणपती आटोपले होते. सासूबाई मासळी बाजारातून आल्या, ती त्यांच्या हातात! २०१८ च्या प्लास्टिकबंदीपासून मासे कशातून आणायचे, हा त्यांचा कायमचा प्रश्न होता.

"बर्फाचं पाणी धरून एक थेंब रस्त्यावर सांडला नाही हो," त्या पहिल्यांदाच माझ्या शिवणकामाबद्दल चांगलं बोलल्या. "पुढची जरा मोठी शिव. पापलेटाची शेपटी बाहेर राहते."