वहिनींनी चुगली सोडली

ऐका तर. १८ फेब्रुवारीच्या संध्याकाळी आमच्या वसईकर वहिनी चर्चमधून आल्या, कपाळावर राखेचा क्रूस घेऊन. राखेचा बुधवार होता, त्यांच्या ईस्टरआधीच्या उपवासाचा पहिला दिवस. मी नेहमीसारखी आमच्या दोन घरांमधल्या कमरेएवढ्या भिंतीशी उभी. म्हटलं, "वहिनी, तिसऱ्या घरातल्या सुनेचं कानावर आलं का?" तर शांतपणे म्हणाल्या, "काकू, ईस्टरपर्यंत मी चुगली सोडलीय."

आता काय बोलणार! माणसं चहा सोडतात, गोड सोडतात, आमच्याकडे चातुर्मासात कांदा-वांगं सोडतात. गेल्या वर्षी वहिनींनी मोबाईलवरची रील सोडली होती, त्यात माझं काही जात नव्हतं. यंदा उपवास त्यांचा, पण उपाशी मी.

मी कॅलेंडर काढलं. म्हणे चाळीस दिवस. १८ फेब्रुवारी ते ४ एप्रिल मोजले तर भरले ४६. लगेच भिंतीशी गेले, "वहिनी, हिशोबात गडबड आहे तुमच्या." त्या म्हणाल्या, रविवार मोजत नाहीत, तो प्रभूच्या पुनरुत्थानाचा दिवस, त्या दिवशी उपवास नसतो. सहा रविवार वजा केले की चाळीस. मला केवढा आनंद! रविवारी मिस्सा आटोपून त्या येतात तोच मी हजर. तर म्हणतात, "उपवास नसला तरी चुगली रविवारीही पापच ना, काकू." अस्सं!

बाकी त्यांचा धर्म तसा सोपा नाही हो. राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे, या दोन दिवशी एकदाच पोटभर जेवायचं. आमच्या एकादशीला साबुदाण्याची खिचडी, वऱ्याचे तांदूळ, बटाट्याचा कीस, वर शेंगदाण्याची आमटी. मी गप्प बसले. या चाळीस दिवसांतल्या शुक्रवारी मटण-कोंबडी नाही, मासे चालतात. पण वसईच्या माणसाला ग्वाल्हेरात मासे म्हणजे काय, समुद्रच नाही! वहिनी म्हणतात, "चर्च मासे खा म्हणतं, पण ताजे बोंबील काय महाराज बाड्यावर मिळणारेत?" म्हणून त्यांचा शुक्रवार वरण-भातावर. माहेरहून येते ती सुकेळी, वसईची सुकवलेली केळी. त्याच्या बदल्यात मी गजक देते. गजक मात्र सोडलेली नाही, विचारून घेतलं.

इथली मिस्सा हिंदीत असते. वहिनी सगळ्यांबरोबर हिंदीत म्हणतात, पण मनात मराठीतच चाललेलं असतं. मला ते पटलं. आमचंही इथे लष्कर भागात तेच: स्तोत्रं संस्कृतात, घरात मराठी, सब्जीवाल्याशी भांडण हिंदीत.

एकदा चिडून मी जुनं उकरलं. म्हटलं, "आमचे राणोजी शिंदे होते बरं का चिमाजी अप्पांच्या वसईच्या मोहिमेत! १७३९ साली जिंकली आम्ही." वहिनी म्हणाल्या, "मग आमच्या चर्चच्या घंटा परत करा. भीमाशंकराला टांगलीय ती एक." आणि हसून पुढे, "अन् तुमच्या महाराजांचा जयविलास राजवाडा कुणी बांधला?" बांधला मायकेल फिलोस यांनी, १८७४ साली. मूळ नेपल्सचं घराणं, पिढ्यान्‌पिढ्या शिंद्यांच्या चाकरीत. दरबार हॉलचं छत झुंबरं पेलतंय की नाही हे बघायला वर हत्ती चढवले होते म्हणतात. यावर मी काय बोलणार, झुंबरं अजून वरच आहेत.

हे चुगलीचं खूळ आलं कुठून, तेही विचारलं. पोप फ्रान्सिस २०२० मध्ये, ऐन करोनात म्हणाले होते की चुगली ही कोविडपेक्षा वाईट साथ आहे. मी म्हटलं, साथ असली तर असो, आमच्या गल्लीत ती मीच जिवंत ठेवलीय. वहिनींचा मुलगा खो-खो हसला. त्याच्या मोबाईलवर कार्लो अकुतिसचा फोटो आहे, गेल्या सप्टेंबरात संत झाला तो. कॉम्प्युटरवर वेबसाइट करणारा पोरगा, २००६ मध्ये पंधराव्या वर्षी गेला. जीन्स आणि बुटांत ठेवलाय त्याला असिसीला. जीन्समधला संत! आमच्या सासूबाईंना दाखवायला हवा होता.

बरं, मूळ मुद्दा राहिलाच. ती तिसऱ्या घरातली सून. दिवसभर दार बंद, नवरा भर बाराला घरी, स्कूटर आठवडाभर जागची हललेली नाही. माझे तीन तर्क तयार होते. आणि काल बघते तो काय, वहिनी डबा घेऊन त्याच दारात! अर्ध्या तासाने बाहेर आल्या. विचारलं, "काय नेलंत?" "खिचडी." "का नेलीत?" "भूक लागते म्हणून." "आत काय चाललंय?" यावर वहिनींनी कुंडीतल्या तुळशीला पाणी घातलं. हो, तुळस आहे त्यांच्याकडे, खोकल्याला.

आज पुन्हा डबा गेला. मीही थोडी कढी दिली बरोबर, मुद्दाम, की निदान माझ्या वाटीच्या निमित्ताने काही कळेल. वाटी घासून पुसून परत आली, बातमी नाही.

ईस्टर ५ एप्रिलला आहे. सोमवारी ६ तारखेला दुपारी चारला मी भिंतीशी असेन. तोवर तिसऱ्या घरातलं कुणाला काही कळलं, तर मला येऊन सांगा. वहिनींना सांगू नका, त्यांचा उपवास आहे.