टेबल नवं, माणूस नवा

परीक्षा पास झालास, चौकात अभिनंदनाचं डिजिटल लागलं, आईनं अंबाबाईची ओटी भरली. आता कोल्हापूर जिल्ह्यातल्या कुठल्याशा महसुली टेबलावर बसलास. पैसे कसे खायचे हे तुला कुणी सांगणार नाही, भावा. इथं सगळं न बोलता शिकायचं असतं. म्हणून हा वर्ग.

१. पहिले काही दिवस तोंड बंद ठेव. शेजारच्या टेबलावरचा चहा कुणाच्या पैशानं येतो ते बघ. आलेला माणूस आधी कोपऱ्यातल्या पोराकडं का जातो, तेही बघ. तो झिरो. हजेरीपटावर त्याचं नाव नाही, पण कपाटाची किल्ली त्याच्याकडं. त्याचा मान राख. त्याला कुणी ठेवलं असं विचारू नकोस. रिकाम्या जागा मोज, उत्तर मिळेल.

२. कायदे पाठ कर. चेष्टा नाही, खरंच कर. २००५ चा बदल्या आणि विलंबाचा कायदा म्हणतो, फाईल सर्वसाधारणपणे सात कामाच्या दिवसांपेक्षा जास्त अडवायची नाही. अडवू नकोस. सहाव्या दिवशी ‘चर्चा करावी’ असा शेरा मार आणि पुढं सरकव. चर्चा कुणी कधी करायची, हे कायद्यात नाही.

२०१५ चा लोकसेवा हक्क कायदा जरा चावरा आहे. मुदत चुकली तर पाचशे ते पाच हजार रुपये दंड. पण मुदत मोजतात परिपूर्ण अर्ज आल्यापासून! मग तो परिपूर्ण होऊ द्यायचाच कशाला? त्रुटी काढ, मात्र एका वेळी एकच. नवशिके सगळ्या त्रुटी एकदम सांगून मोकळे होतात आणि आयुष्यभर पगारावर जगतात. आज आधारची झेरॉक्स अंधुक. पुढच्या सोमवारी वारसाच्या नावात एक काना जास्त. त्यानंतर शपथपत्र जुन्या नमुन्यात. मध्ये एखादा दिवस सर्व्हर डाऊन. वाडीवरनं एसटीनं येणारा म्हातारा, त्या दिवसाची मजुरी बुडवून आलेला, शेवटी स्वतःच म्हणतो, “सायेब, काय असंल ते सांगा की.” बघ, तू काही मागितलंस का?

३. आकडा स्वतःच्या तोंडानं उच्चारायचा नाही. ‘वरच्यांचंही बघावं लागतं’ एवढं पुरे. वरच्याला विचारलं तर तो खालच्यांचं नाव सांगेल, आणि दोघांचीही झोप शाबूत राहील. या जागेसाठी तू स्वतः कुठं काही ‘लावलं’ असशील, तर हिशेब आणखी सोपा: ती लाच नव्हे, वसुली.

४. मन खाऊ लागलं तर इतिहास वाच. १९१८ साली राजर्षी शाहूंनी संस्थानातली कुलकर्णी वतनं मोडली आणि पगारी तलाठी नेमले. पिढ्यान् पिढ्या दप्तर धरून बसलेल्यानं रयतेला नाडू नये, पगारी माणूस सरळ वागेल, असा त्यांचा हिशेब. महाराजांना झिरो कुठं ठाऊक होता! तू एक कर, २६ जूनला शाहू जयंतीच्या कार्यक्रमात भाषणाला पहिला उभा राहा. आवाज भरून आला तर उत्तमच.

५. कचेरीत एखादा खरोखर न खाणारा असतो. बिचारा. त्याला ‘देवमाणूस’ म्हण आणि रेकॉर्ड रूममध्ये बसव.

६. सापळ्यात सापडलासच, तर खचू नकोस. नोटांवरची अँथ्रासिन पावडर अतिनील दिव्याखाली बोटांवर चमकते. झिरोचा मान का राखायचा, ते आता कळलं? अठ्ठेचाळीस तासांहून जास्त कोठडी झाली की निलंबन आपोआप. सुरुवातीला साधारण निम्मा पगार निर्वाह भत्ता म्हणून मिळतो, पुढं तो वाढूही शकतो. खटल्याला मंजुरी लागते, आणि ती फाईलही कुणाच्या तरी टेबलावरूनच जाणार. तिथंही ‘चर्चा करावी’ म्हणणारा कुणी भेटेलच.

तोवर निर्वाह भत्त्यासाठी दुसरीकडं नोकरी करत नसल्याचा दाखला दे. त्यात त्रुटी निघाली, तर टेबलावरच्या पोरावर चिडू नकोस. नवा आहे, शिकतोय.