मार्गदर्शक काका

संत तुकाराम नगरात उतरणाऱ्या नवख्या उमेदवारास चाकणची वाट सापडण्यापूर्वी मार्गदर्शक काका सापडतात. वल्लभनगरच्या एसटी आगारात लातूर-बीडकडची गाडी रिकामी होते, पाठीवर बॅग आणि फाइलीत डिप्लोमाच्या गुणपत्रिका घेतलेला मुलगा मावसभावाच्या खोलीवर पोचतो, आणि दिवेलागणीच्या आत त्याचे प्रकरण काकांच्या बाकावरील इजलासात दाखल झालेले असते.

पिंपरीच्या एका कारखान्यातून स्वेच्छानिवृत्त झालेल्या या गृहस्थांनी आयुष्यात नोकरी एकदाच मिळवली, तीही फोरमनच्या चिठ्ठीवर. परंतु ज्याने एकच लढाई जिंकली त्याच्याइतका युद्धशास्त्रावर अधिकाराने कोण बोलणार! त्यांचा पहिला पगार गणपतीत तीनशे रुपये असतो, दिवाळीपर्यंत तो दोनशेवर येतो. ही घसरण अशीच चालू राहिली, तर कामावर घेतल्याबद्दल काकांनीच कंपनीस दरमहा काही रक्कम दिली होती, असे लवकरच निष्पन्न होईल.

“बाळ, बुटांना पॉलिश कर, थेट गेटवर जा आणि पगार विचारू नकोस, आधी आत शिरायचं,” हे त्यांचे सनातन फर्मान. गेटवरचा सुरक्षारक्षक कागदाला हातही न लावता कंत्राटदाराचा मोबाइल नंबर सांगतो, हे वर्तमान त्यांच्यापर्यंत अद्याप पोचलेले नाही. “अप्रेंटिस म्हणजे अर्धा परमनंट,” असेही ते ठणकावून सांगतात; वास्तविक 1961 च्या शिकाऊ उमेदवार कायद्याने, करारात तसे कलम नसेल तर, मुदत संपल्यावर नोकरी देण्याचे बंधन मालकावर नाही.

मात्र एखाद्याच्या हाती वार्षिक 3 लाखांच्या ‘पॅकेज’चे पत्र पडले, आणि त्याने गावी पेढे वाटण्याची वर्दी दिली, की काकांमधला जुना युनियनवाला जागा होतो. चष्मा कपाळावरून नाकावर येतो, पेन्सिल निघते. “महिन्याला 25,000. मूळ पगार 15,000 धरला, तर त्याच्या 12 टक्क्यांनी 1,800 तुझा पीएफ, आणि मालकाचे 1,800, तेही तुझ्याच पॅकेजात मोजलेत. ग्रॅच्युइटी 4.81 टक्के, म्हणजे 721. परमनंटला ती साधारण पाच वर्षं टिकल्यावर. व्यवसाय कर 200, फेब्रुवारीत 300. हातात किती? 20,479. कँटीन आणि बस कापली तर आणखी खाली. पीएफ बुडत नाही हो, पण त्यातून खोलीचं भाडं देता येत नाही.” मुलाचा चेहरा उतरतो, काकांचा, एखाद्या निष्णात शल्यविशारदाप्रमाणे, उजळतो.

म्हणून उमेदवारांस माझी शिफारस अशी, की नोकरी कशी मिळवावी हे काकांना चुकूनही विचारू नये. मिळालेले पत्र मात्र सही करण्याआधी त्यांना अवश्य दाखवावे, आणि चहाचे पैसे आपण द्यावेत.