हाताची दुसरी बाजू

चेहऱ्याचं वय लपवता येतं, हात मात्र फितूर. साठीतल्या बाईंनी केस रंगवावेत, गालांवर इंजेक्शनं घ्यावीत आणि चहाचा कप घ्यायला हात पुढे केला, की शिरांसकट जन्मतारीख हजर! हाताच्या पाठीची कातडी मुळातच पातळ, तिच्याखाली चरबी जेमतेम, आणि वयाबरोबर तीही ओसरते. तोंडाला क्रीम लावताना आपण हात विसरतो. ऊन विसरत नाही.

शहरात आता यावरही इलाज मिळतो. काळ्या डागांवर लेसर, शिरा-हाडं झाकायला फिलर. हाताच्या पाठीसाठी अमेरिकी औषध प्रशासनाने 2015 मध्ये ज्या फिलरला मान्यता दिली, त्यात कॅल्शियम हायड्रॉक्सिलॲपटाइट असतं. आपल्या हाडांत आणि दातांत असतं तेच खनिज, फक्त कारखान्यात बनवलेलं. हाडं दिसू नयेत म्हणून हाडातलंच खनिज टोचून घ्यायचं! बरं, ते कायमचं टिकतही नाही. हळूहळू शरीरात विरून जातं, मग पुन्हा सुई आणि पुन्हा बिल.

आमच्या गावात, मेढ्यात, हा धंदा चालायचा नाही. इथल्या बायकांना म्हातारपणाची लाज नाही, असली थोर भाषा मी करणार नाही. लग्नाला निघताना मनगटापर्यंत पावडर थापणाऱ्या मावश्या मी पाहिल्यात. अडचण निराळीच आहे. डॉक्टर हाताची पाठ तरुण करतो आणि आमच्याकडे म्हातारपण तळव्याकडून येतं.

रेशनच्या दुकानात उभं राहा, म्हणजे कळेल. आजी मशीनवर अंगठा ठेवतात. मशीन नाही म्हणतं. पदराला पुसून पुन्हा ठेवतात, मग दुकानदार त्यांचं बोट धरून दाबतो, मग दुसरं बोट, मग डावा हात. "आजी, अंगठा घेत न्हाई मशीन." "आरं, माझाच हाय की त्यो! दुसऱ्याचा कुठनं आणू?" मागची रांग हसते. आजीही हसतात, पण पिशवी रिकामीच असते.

जन्मभर भाताच्या लावणीला चिखलात हात, नाचणीच्या कापणीला विळा, घरी राखेने भांडी. त्यात वयाने कातडी कोरडी आणि सैल पडते. अंगठ्यावरच्या रेघा टिकाव्यात तरी कशा? आजींच्या मनगटावरचं लहानपणीचं हिरवं गोंदण अजून स्पष्ट वाचता येतं. सरकारला हवी ती खूण मात्र विळ्याच्या मुठीवर झिजून गेली.

भेगांवरचा इलाज जुनाच आहे. घाटाखालून कुणी आलं, की कोकमतेलाचा गोळा येतो. तो दिव्यावर जरा पातळ करून रात्री तळव्याला चोळायचा. त्याने हात मऊ होतो, कुणी तरुण होत नाही. पण तशी जाहिरातही कुणी करत नाही.

तेव्हा घरात असे हात असतील, तर त्यांना रेशनला एकटं पाठवू नका. अंगठा उठला नाही म्हणून धान्य नाकारू नये, अशी केंद्राची 2017 पासूनची सूचना आहे. डोळ्याची ओळख किंवा मोबाइलवरचा ओटीपी हेही मार्ग आहेत. दुकानदाराला तेवढं ठणकावून विचारा. आणि आजींचा मोबाइल नंबर आधारला जोडलेला आहे ना, ते आजच बघा.